त्याला शपथ घालू नका

दहावीतल्या मुलाच्या हातावर जखमा दिसतात आणि त्या त्याने स्वतःच करून घेतल्या आहेत, हे लक्षात येतं. त्यानंतरच्या दोन-चार दिवसांत घरात जे बोललं जातं, त्यावर पुढचं पुष्कळ काही ठरतं. तो पुन्हा आपल्याशी खरं बोलेल की नाही, हेसुद्धा. म्हणून हा संवाद त्या दिवसांतला घेतला आहे.

यातले दीर-भावजय मी रचलेले आहेत. भाऊजी कराडजवळचे, शेती आणि खतं-औषधांचं दुकान. मुलगा पंधरा वर्षांचा. वहिनी पुण्याला असतात. त्यांची मोठी मुलगी नववी-दहावीत याच दुखण्यातून गेली आणि आता कॉलेजात आहे. माणसं रचलेली असली तरी भाऊजींचा एकही प्रश्न रचलेला नाही. पालकसभा संपल्यावर, दवाखान्याच्या बाकावर, लग्नघरी कोपऱ्यात आई-बाप हेच विचारत असतात. मी वहिनींच्या बाजूने आहे, हे आधीच सांगायला हवं. पण भाऊजींना अडाणी ठरवून हा विषय कळणार नाही. मुलाचा हात पाहून ज्या बापाची झोप उडाली आहे, त्याच्या रागाखाली भीतीच असते.

भाऊजी : वहिनी, मी त्याला आईची शपथ घातली. तिच्या डोक्यावर हात ठेवायला लावला आणि पुन्हा करणार नाही असं वदवून घेतलं. म्हणाला तो. आता विषय संपला असं समजायचं ना?

वहिनी : म्हणताना रडला का?

भाऊजी : नाही ना. तेच तर. डोळ्यांत टिपूस नाही. नुसता उभा.

वहिनी : भाऊजी, आता पुढच्या वेळी त्याला दोन गोष्टी लपवाव्या लागतील. जखम, आणि शपथ मोडल्याचं. त्यातून शपथ आईच्या जिवाची. उद्या तिला साधा ताप भरला तरी हे पोरगं मनात म्हणेल, माझ्यामुळे झालं.

भाऊजी : म्हणजे पुन्हा करणारच, असं धरून चालायचं?

वहिनी : करेलही. आमच्याकडे एका दिवसात थांबलं नाही. आधी दोन जखमांमधलं अंतर वाढत गेलं, मग एकदा खूप महिने गेले. थांबव म्हटल्यावर थांबवता येत असतं तर तिने ते सुरूच केलं नसतं.

भाऊजी : पण करतातच कशाला? आपल्याला साधी सुई टोचली तरी हात मागे येतो. आणि ही पोरं...

वहिनी : मीही हेच विचारायची. मग मोठी एकदा म्हणाली, आई, आत इतका कल्लोळ असतो की काहीतरी करून तो बंद व्हावा एवढंच वाटतं. करून झालं की थोडा वेळ गप्प होतो, आणि मग स्वतःची इतकी लाज वाटते की कल्लोळ पहिल्यापेक्षा वाढतो. ते ऐकून मला वाटलं होतं, माझी पोर मरायला निघाली होती. डॉक्टर म्हणाले, तसं असेलच असं नाही. पण नसेलच असंही धरू नका. विचारा.

इथे थोडं थांबायला हवं, कारण आई-बापांची पहिली गफलत इथेच होते. स्वतःला इजा करणारं प्रत्येक मूल मरायला निघालेलं नसतं. असह्य भावना काही क्षण तरी आवाक्यात आणायची ती एक धडपड असते. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली आपल्या निदान-पुस्तिकेत मरणाच्या इच्छेशिवाय केलेली इजा वेगळी काढून तिचा अधिक अभ्यास व्हावा असं सुचवलं, ते यासाठीच. पण दोन्ही वाटा एकमेकींपासून फार लांब नसतात. जी मुलं स्वतःला इजा करत राहतात, त्यांच्यात पुढे आत्महत्येचा धोका इतरांपेक्षा वाढलेला असतो. म्हणजे आभाळ कोसळल्यासारखं वागणंही चूक आणि 'वयच तसं आहे' म्हणून सोडून देणंही चूक. या दोहोंच्या मधली जागा अवघड आहे, आणि आई-बापांना तिथेच उभं राहावं लागतं.

भाऊजी : मला विचाराल तर ही थेरं आहेत. लक्ष वेधून घ्यायचं. धाकटीचं कौतुक होतं, ह्याचं होत नाही, म्हणून.

वहिनी : उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून क्रिकेट खेळत होता ना तो? तुम्हीच सांगितलंत मघाशी. ज्याला लक्ष वेधायचंय तो बाह्या खाली ओढेल का? आणि धरून चालू की त्याला लक्ष हवंय. पोराला घरच्यांचं लक्ष हवं असणं हा गुन्हा आहे का? त्यासाठी त्याला एवढी किंमत मोजावी लागली, याचं वाईट वाटायला हवं आपल्याला.

भाऊजी : आम्हाला दादांनी काय कमी बडवलं? कासऱ्याने मारायचे. कुणी असलं काही केलं नाही.

वहिनी : केलं नाही, की कुणाला कळलं नाही? आपल्या भावकीत 'तडकाफडकी गेली', 'डोक्यावर परिणाम झाला होता' असं सांगून ज्यांचा विषय बंद केला, ती माणसं आठवा. मी लग्न होऊन आले तेव्हा ती नावं मला माजघरात कुजबुजून सांगितली गेली. तुम्ही पुरुषमंडळी तर तेवढंही बोलत नव्हता.

भाऊजी : ...ते खरं आहे.

वहिनी : तो उदास कधीपासून आहे?

भाऊजी : उदास नाहीच म्हणतोय मी. उद्धट झालाय. काही बोललं की अंगावर येतो. दार आपटतो. रात्री दोनपर्यंत जागा, सकाळी उठवलं की चिडतो. डोकं दुखतं, पोट दुखतं म्हणून क्लास बुडवतो. तालमीत जायचा, ते सोडलं. मित्र बोलवायला येतात तर 'नाही म्हणून सांग' म्हणतो आईला.

भाऊजींनी तक्रारींची म्हणून जी यादी सांगितली, ती डॉक्टर निदान करताना लिहून घेतील. मोठ्या माणसाचं नैराश्य पाणावलेल्या डोळ्यांनी येतं, असं आपण सिनेमात पाहिलेलं असतं. किशोरवयात ते बऱ्याचदा चिडचिडीच्या रूपाने येतं. झोपेची वेळ उलटीपालटी होते, भूक जाते किंवा वाढते, ज्याचा एकेकाळी ध्यास होता ते नकोसं होतं, दुखणं पोटात आणि डोक्यात जाऊन बसतं. हे सलग दोन आठवडे, दिवसातला बराच वेळ टिकलं तर ती वयाची तऱ्हा म्हणून सोडून देऊ नये. बेंगळुरूच्या निम्हान्सने २०१५-१६ मध्ये देशभर केलेल्या मानसिक आरोग्य पाहणीत १३ ते १७ या वयातल्या सुमारे ७.३ टक्के मुलांमध्ये कुठला ना कुठला मानसिक आजार आढळला. साठ मुलांच्या वर्गात ही चार-पाच मुलं होतात. ती रोज डबा घेऊन शाळेत जातात, आणि मुलगे असतील तर शिक्षक त्यांना वात्रट म्हणतात.

भाऊजी : बरं, आजार म्हणा. पण हा आजार त्या फोनने आणलाय. मी रात्री उघडून पाहिला. काळे काळे फोटो, रडकी गाणी, असल्याच जखमांची चित्रं. एक बघितलं की खाली दहा येतात. मी फोडून टाकणार तो.

वहिनी : बघितलंत ते त्याला सांगितलंत?

भाऊजी : बापाने मुलाचा फोन बघायला परवानगी घ्यायची?

वहिनी इथे त्यांच्याशी भांडतील, पण भाऊजींचं हे म्हणणं हलकं नाही. लंडनची मॉली रसेल ही १४ वर्षांची मुलगी नोव्हेंबर २०१७ मध्ये गेली. तिच्या फोनवर स्वतःला इजा, नैराश्य, मरण याविषयीचा मजकूर ढिगाने येत राहिला होता, आणि घरात कुणाला त्याचा पत्ता नव्हता. तिचे वडील इयान रसेल यांनी पाच वर्षं पाठपुरावा केला. सप्टेंबर २०२२ मध्ये तिथल्या कॉरोनरने, म्हणजे मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, निष्कर्षात लिहिलं की नैराश्य आणि इंटरनेटवरच्या मजकुराचे दुष्परिणाम भोगत असताना, स्वतःला केलेल्या इजेने तिचा मृत्यू झाला. एका बापाने हे दाखवून दिलं म्हणून समाजमाध्यमं चालवणाऱ्या कंपन्यांना उत्तरं द्यावी लागली. एकाचं पाहून दुसऱ्याने करणं किशोरवयात खरंच घडतं; वर्गात, वसतिगृहात आणि आता पडद्यावर. भाऊजींनी जे पाहिलं त्याची भीती वाटणं योग्यच आहे. प्रश्न आहे तो फोडण्याचा.

वहिनी : फोन वाईट नाही असं मी म्हणतच नाही. पण त्याच फोनवर त्याचा एखादा मित्र असेल, ज्याला तो रात्री दोन वाजता 'आज नको वाटतंय' असं लिहीत असेल. तुम्ही फोडलात तर चित्रंही जातील आणि तो मित्रही. शेजारी बसा, म्हणा, मी बघितलं, घाबरलो, आपण दोघं मिळून ही खाती बंद करू. रात्री फोन बाहेरच्या खोलीत, सगळ्यांचेच. नियम असू दे. शिक्षा नको.

भाऊजी : नियमाचं काढलंत ते बरं झालं. मला वाटत होतं तुम्ही म्हणाल, आता त्याला काही बोलायचंच नाही. अभ्यास कर म्हणायचं नाही, ताट उचल म्हणायचं नाही.

वहिनी : छे. मोठीच्या वेळी डॉक्टरांनी बजावलं होतं, घर आहे तसं चालू ठेवा. जेवायची वेळ, झोपायची वेळ, धाकट्याशी नीट बोलणं, सगळं. घरातले सगळे तिच्याभोवती दबकून वागायला लागले तर तिला वाटेल, आपण घर मोडलं. फक्त टक्क्यांची गोष्ट काही महिने बाजूला ठेवली आम्ही. ते कठीण गेलं. तिच्या वडिलांना फार कठीण गेलं.

भाऊजी : आणि ते... मरायचा विचार येतो का, हे कसं विचारू? त्याच्या डोक्यात नसलं तर मीच घातल्यासारखं नाही का होणार?

ही भीती इतकी सार्वत्रिक आहे की तिची रीतसर तपासणी झालेली आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांमध्ये २,३४२ मुलांवर केलेला एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या मुलांना आत्महत्येच्या विचारांबद्दल थेट प्रश्न विचारले, निम्म्यांना विचारले नाहीत. दोन दिवसांनी पाहिलं तर विचारलेल्या मुलांमध्ये ताण वाढलेला नव्हता, मरणाचे विचारही वाढलेले नव्हते. उलट, आधीच नैराश्यात असलेल्या मुलांना विचारल्यावर थोडं हलकं वाटल्याचं दिसलं. प्रश्नाने विचार पेरला जात नाही. तो आधीच तिथे असेल तर मूल त्याच्यासोबत एकटं राहत नाही, इतकंच होतं.

वहिनी : सरळ विचारायचं. कधी जगूच नये असं वाटतं का तुला? आणि 'हो' म्हणाला तर दचकायचं नाही. हे सगळ्यात अवघड, भाऊजी. तो तुमच्या तोंडाकडे बघत असतो. मोठीने नंतर मला सांगितलं, तुला सांगितलं नाही कारण तुला सहन झालं नसतं. म्हणजे एवढीशी पोर आपलं दुखणं सोसत होती आणि वर आईलाही सांभाळत होती. मुलं आपल्याला घाबरून लपवतात असं आपल्याला वाटतं. खूपदा ती आपली काळजी घेत असतात.

भाऊजी : ...तो 'हो' म्हणाला तर मी काय करू? खरंच सांगा. माझे हातपाय गळतील.

वहिनी : गळले तरी खोलीतून उठू नका. 'असा कसा विचार करतोस, आम्ही काय कमी केलं' हे म्हणू नका. म्हणा, सांगितलंस ते बरं झालं. काही ठरवलंय का, कधी, कसं, तेही विचारा. ठरवलेलं असेल तर त्याला त्या रात्री एकटं सोडायचं नाही आणि तडक दवाखाना, सकाळची वाट बघायची नाही. आणि एक काम मात्र आजच करायचं, तो काहीही म्हणो. दुकानातली जादा औषधं तुम्ही घराच्या मागच्या खोलीत ठेवता ना? ती आज तिथून हलवा. घरातल्या गोळ्यासुद्धा कपाटात, कुलपात.

भाऊजी : ज्याला करायचंच आहे तो दुसरं काहीतरी शोधेल.

वहिनी : सगळे नाही शोधत. ती लाट असते, ओसरते. लाटेच्या वेळी हाताशी काही नसलं पाहिजे.

वहिनींचं हे बोलणं नुसत्या समजुतीवर उभं नाही. श्रीलंकेत १९९५ पासून अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली आणि पुढच्या वीस वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी खाली आलं. माणसांची दुःखं तेवढ्या वर्षांत नाहीशी झाली नव्हती. घातक वस्तू हाताशी नव्हती आणि तेवढ्या वेळात अनेकजण वाचले. शेतकऱ्यांच्या घरांत मला हे पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं: कुलूप लावा, किल्ली स्वतःजवळ ठेवा.

भाऊजी : दवाखान्यात नेलं तर पोलीस केस होते म्हणतात.

वहिनी : भाऊजी, कायदा बदललाय. पूर्वी आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा मानणारं ३०९ कलम होतं.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं गृहीत धरलं जातं; तिच्यावर खटला भरायचा नाही, तिला शिक्षा करायची नाही, आणि उपचार देणं ही सरकारची जबाबदारी आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर ३०९ सारखं कलमच ठेवलेलं नाही. पोलिसांच्या भीतीने दवाखान्याचं दार टाळण्याचं कारण उरलेलं नाही.

भाऊजी : आणि गोळ्या? पंधराव्या वर्षी डोक्याच्या गोळ्या सुरू झाल्या की आयुष्यभर सुटत नाहीत. पोरगं सुस्त होतं. उद्या सोयरिकीच्या वेळी कुणी विचारलं तर?

वहिनी : सगळ्यांना गोळ्या लागत नाहीत. आमच्या मोठीला आधी नुसतंच समुपदेशन सुरू केलं, गोळी पुढे आली, आणि डॉक्टरांनी कमी करत करत बंदही केली. आपण मनाने बंद करायची नाही, एवढं पाळायचं. पहिले काही आठवडे जास्त लक्ष ठेवा असं त्यांनी स्वतःहून सांगितलं होतं. सोयरिकीचं म्हणाल तर आधी पोरगं धडधाकट पंचविशीला पोचू दे.

औषधांच्या प्रश्नावर भाऊजींनी सावध असण्यात गैर काही नाही. डॉक्टरही सावध असतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये नैराश्याच्या औषधांवर ठळक इशारा छापायला लावला, कारण काही किशोरांमध्ये सुरुवातीच्या काळात आत्महत्येचे विचार वाढलेले दिसले होते. त्याच वर्षी १२ ते १७ वयाच्या ४३९ मुलांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. बारा आठवड्यांनी, फ्लुऑक्सेटिन हे नैराश्याचं औषध आणि विचार-वर्तन उपचार दोन्ही मिळालेल्या मुलांपैकी ७१ टक्के सुधारली होती. नुसत्या गोळीने सुमारे ६१, नुसत्या बोलण्याच्या उपचाराने ४३, आणि औषध नसलेल्या गोळीने ३५ टक्के. हे दोन्ही एकत्र वाचायला हवं: औषध उपयोगी आहे आणि त्यावर नजर हवी. घरात कुणी दोन महिन्यांनी 'आता बरा दिसतोय' म्हणून ते बंद करू नये.

भाऊजी : सुटतं का हे, वहिनी? शेवटी मला एवढंच सांगा.

वहिनी : आमचं सुटलं.

वहिनी यापेक्षा जास्त आश्वासन देणार नाहीत. मला थोडं जास्त देता येतं. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात १९९२ ते २००८ अशी वर्षानुवर्षं त्याच मुलांची पाहणी केली गेली. किशोरवयात सुमारे आठ टक्क्यांनी स्वतःला इजा केल्याचं सांगितलं होतं. त्यांच्यातल्या दहापैकी नऊजणांचं तारुण्यात ते थांबलं होतं. ज्यांना नैराश्य किंवा अतिचिंता होती त्यांच्यात ते मागे उरण्याची शक्यता अधिक होती. म्हणून नैराश्यावर उपचार हवेत. आणि मार्शा लिनेहान यांचं उदाहरण आहे. त्या सतराव्या वर्षी, १९६१ साली, स्वतःला इजा करण्यामुळे रुग्णालयात होत्या. पुढे त्या मानसशास्त्रज्ञ झाल्या, आणि अशाच रुग्णांसाठी आज जगभर वापरली जाणारी उपचारपद्धती त्यांनी घडवली. स्वतःची गोष्ट त्यांनी जाहीरपणे सांगितली ती थेट २०११ साली.

भाऊजी : मग आज रात्री काय बोलू?

वहिनी : आधी ती शपथ सोडवा. लहानपणी म्हणायचात ना, शपथ सुटली? तसं म्हणा त्याला. म्हणा, मी घाबरून घातली होती. पुन्हा झालं तर माझ्याकडे ये, मी ओरडणार नाही. मग गप्प बसा. 'का केलंस' विचारू नका, त्यालाही माहीत नसतं. तो 'कासव' सिनेमा बघितलात का, सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकरांचा? त्यातली जानकी एका खचलेल्या पोराला घरात जागा देते आणि प्रश्नांची घाई करत नाही. तसं जमलं पाहिजे. मला अजून नीट जमत नाही.

भाऊजी : रात्री-अपरात्री काही झालं तर? तुम्ही पुण्याला.

वहिनी : मला उठवा. आणि १४४१६ लिहून ठेवा, सरकारचं टेली-मानस. चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. तुम्ही स्वतःसाठीही लावू शकता. त्याच्या आईसाठीही. कराडात मेडिकल कॉलेज आहे, तिथे मानसोपचार विभाग आहे. नाहीतर साताऱ्याचं सिव्हिल.

भाऊजी : सोमवारी नंबर लावतो. फोनचं मात्र माझं मत बदललेलं नाही.

वहिनी : नका बदलू. आज रात्री फोडू नका म्हणजे झालं.

भाऊजी : आणि डॉक्टरांकडे तो तोंडच उघडणार नाही. मला माहितीये त्याचा स्वभाव.

वहिनी : नाही उघडलं तर नाही. आमची पहिल्या वेळी टेबलाकडे बघत बसली होती. बाहेर आल्यावर मी विचारलं, पुन्हा यायचं का? बघू म्हणाली. पुढच्या आठवड्यात गेलो.

भाऊजी : मी आत जाऊ का त्याच्याबरोबर?

वहिनी : त्यालाच विचारा. नको म्हणाला तर बाहेर बाकावर बसा. दुकानाला जाऊन येतो असं मात्र करू नका.